पासवरचं नाव

“म्हण ना वं एकडाव. ल-हा-नू. तीन अक्षरं तं हायेत.”

“जीभ झडन माही.”

“मंग टी.सी. विचारन तवा काय सांगशीन? ‘माह्या नवऱ्याचं नाव अवो’ म्हून सांगशीन?”

पंचफुलानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि तोंड भिंतीकडे केलं. तिला हसू आलं होतं, पण ते दाखवायचं नव्हतं. लहानू उंबऱ्यात प्रेमदासचं पत्र हातात धरून बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं, तरी गेले आठ दिवस सवड मिळाली की तो ते पत्र असंच धरून बसे. गावातल्या शाळेच्या अण्णाजी गुरुजींनी दोनदा वाचून दाखवलं होतं, तेवढ्यावर त्याला ते तोंडपाठ झालं होतं.

प्रेमदास म्हणजे पंचफुलाच्या भावाचा पोरगा. मुंबईला परळच्या एका गिरणीत कामाला होता. त्याला सुटी रविवारची, तीही एकच, म्हणून त्यानं सगळा बेत घड्याळ लावून आखला होता. शनिवारी संध्याकाळी वर्ध्याला गाडीत बसा. रविवारी सकाळी दादरला उतरा, मी फलाटावर असतो, जागचं हलू नका. आधी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या जागी नमस्कार करू. तिथंच आत्याबाईला समुद्र दाखवतो. मग राणीचा बाग, तिथे हत्ती आहे. मग दोन मजली बस, वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसू. म्हातारीचा बूट पाहू, काचेच्या घरातले मासे पाहू. दिवे लागले की समुद्राच्या काठाकाठानं एक फेरी मारू आणि तुम्हाला परतीच्या गाडीत बसवून देतो. सोमवारी तुम्ही फाटकावर.

इथवर सगळं गोड होतं. मेख शेवटच्या चार ओळींत होती. ‘आत्याबाई, रेल्वेच्या पासावर भलत्याच बाया बायको म्हणून बसतात, म्हणून टी.सी. नवऱ्याचं नाव बाईलाच विचारतो. आमच्या चाळीतल्या एकीला नाव घेता आलं नाही तर तिला मधल्याच स्टेशनावर उतरवलं. आपण दीक्षा घेतली, आता जुन्या रूढी सोडा. आतोबांचं नाव पाठ करून ठेवा.’

“पोरगं काई खोटं नाई लिवत,” लहानू म्हणाला. “रूढी सोडाव लागते.”

“सोडल्या ना म्या! घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत नेऊन घातले, तवा हात थरथरला का माहा? उपास सोडले. पन हे नाई सोडत. नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते, असं माह्या मायनं सांगतलं होतं.”

“कोन्या पुस्तकात लिवलं हाये थे?”

“माही माय काय पुस्तक होती?”

लहानूनं पत्राची घडी घातली आणि तो फाटक लावायला उठला.

पंचफुलाचं हे नुसतं तोंडचं नव्हतं. ती ‘लहान’ हा शब्दसुद्धा उच्चारत नसे. लहान मडकं तिच्या तोंडी बारकं मडकं, लहान पोर ते बारकं पोर, लहानपण म्हणजे ‘मी बारकी होतो तवा’. लग्नात बायांनी दार अडवून ‘नाव घे, नाव घे’ म्हणून गलका केला, तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिनं असं भोकाड पसरलं की सासूनंच शेवटी वाट करून दिली. तेव्हा राहिलेलं नाव बत्तीस वर्षं झाली तरी राहिलंच होतं.

बरं, तिनं नाही घेतलं तर दुसरं तरी कोण घेत होतं? लहानूची आई होती तोवर तिनं घेतलं. मूलबाळ झालं नाही. वर्ध्याहून पुलगावकडे जाताना चार मैलांवर गाडरस्ता रूळ ओलांडतो, तिथे हे फाटक. एक खोली, एक विहीर, एक कडुलिंब. गावाचे लोक ‘ए फाटक’ म्हणून हाक मारत. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम ‘गेटमन’ म्हणे. पगार वाटणारा रेल्वेचा डबा यायचा तेव्हा आतला बाबू ‘फाटक एकोणतीस’ एवढंच ओरडायचा आणि हा जाऊन अंगठा द्यायचा. माणसाला नाव असतं ते लोकांनी हाक मारावी म्हणून. लहानूचं नाव पेटीत ठेवलेल्या कोऱ्या धोतरासारखं घडीतच राहून गेलं होतं.

नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. सोळा वर्षांची पंचफुला फाटकाला टेकून जाणाऱ्या गाडीकडे पाहत होती.

“कुठं जाते हे?”

“मुंबईले.”

“अन् मुंबईच्या पुढं?”

“पुढं काई नाई. समुद्र हाये.”

“केवढा?”

लहानूनं तरी तो कुठे पाहिला होता! “दाखवीन तुले,” तो म्हणाला. झालं, एवढंच. पण अठ्ठावीस वर्षं ते वाक्य त्याच्या मानेवर बसून होतं. रोज मुंबईची गाडी जायची, खिडक्यांतून तोंडं जायची, आणि पंचफुला काही बोलायची नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

फाटक सोडून जायचं तर बदलीचा माणूस यावा लागे आणि तो वेळेवर कधी आला नाही. पंचफुलाची आई माहेरी आंजीला शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा तो तिसऱ्या दिवशी आला. ‘तू पुढं हो’ असं लहानू म्हणाला होता, पण एकटीनं जायची तिला सवय नव्हती. “तुमी नाई तं मी नाई,” ती म्हणाली आणि बसली. दोघं पोचली तेव्हा मातीसुद्धा झाली होती. मागच्या वर्षी दीक्षेच्या वेळी तेच झालं. सारं गाव पांढरे कपडे घालून नागपूरला गेलं. गाड्यांवर गाड्या सुटल्या, म्हणून फाटकवाल्यांच्या सुट्या बंद झाल्या. लहानू त्या पांढऱ्या गाड्यांना हिरवी झेंडी दाखवत उभा राहिला, आणि नवं पांढरं लुगडं नेसून पंचफुला त्याच्या मागे उभी राहिली. तुमी नाई तं मी नाई. नंतर गावात दीक्षा झाली तेव्हा दोघांनी घेतली, पण नागपूर हुकलं ते हुकलंच.

आता डिसेंबरअखेर लहानूची नोकरी संपत होती. नोकरी संपली की फाटक सुटणार, आणि फाटकासोबत पासही. यंदाचा पास हाच शेवटचा. म्हणून तर महिनाभर आधी अर्ज करून, बदलीला रूपराव येणार हे दोन-दोनदा विचारून त्यानं हा शनिवार पक्का केला होता.

शुक्रवारी पंचफुलानं ज्वारीच्या दशम्या केल्या, तिळाची चटणी कुटली, दीक्षेचं पांढरं लुगडं धुऊन वाळवलं. औषधाची एक रिकामी शिशी राखेनं तीनदा घासली.

“हे कायले?”

“समुद्राचं पानी आनाले. खारट असते म्हन्तेत.”

“अन् नाव?”

“तुमी सोबत हा ना. टी.सी.नं विचारलं का मी तुमच्याकडं बोट दाखवीन.”

“मी मरदाच्या डब्यात बसलो असलो तं?”

“तं मंग पाहू,” ती म्हणाली आणि शिशीला बूच लावलं.

शनिवारी सकाळपासून लहानूचं कशात लक्ष नव्हतं. रूपरावनं दुपारच्या पॅसेंजरनं पुढच्या स्टेशनावर उतरून रुळाच्या कडेनं चालत यायचं होतं. गावचा बबनराव दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, घेऊन वर्ध्याला निघणार होता, अण्णाजी गुरुजीही त्याच दमणीत होते. साडेतीनला ती फाटकावर येणार, त्यात बसलं की पाचच्या आत वर्धा. सगळं कसं जिथल्या तिथं बसत होतं. फक्त रूपराव यायला हवा होता.

पॅसेंजर गेली. लहानूनं फाटक उघडलं आणि पुलगावकडच्या अंगाला पाहत उभा राहिला. रूळ सरळ दूरवर गेलेले, त्यावर ऊन. माणूस नाही.

“येऊन राह्यला असन,” पंचफुला म्हणाली. तिनं पांढरं लुगडं नेसून घेतलं होतं. गाठोडं दाराशी होतं.

“हो, येऊन राह्यला असन.”

मालगाडी आली, तिच्यासाठी फाटक लागलं, उघडलं. लिंबाची सावली खोलीच्या दारापर्यंत आली, म्हणजे दोन वाजले. ती उंबरा ओलांडून आत गेली, म्हणजे अडीच. लहानू पाणी प्यायला आत गेला आणि न पिताच बाहेर आला. पंचफुला त्याच्याकडे पाहत नव्हती. ती गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती.

तीनच्या सुमाराला रुळावर एक माणूस दिसला.

“आला!” लहानू ओरडलाच.

माणूस जवळ आला. तो रूपराव नव्हता. गँगचा मुकादम नत्थूजी होता, डोक्याला फेटा, खांद्यावर हातोडा.

“गेटमन, रूपराव नाई येत गा,” तो लांबूनच म्हणाला. “तापानं फणफणून राह्यला. सकाळी सेवाग्रामच्या दवाखान्यात नेला त्याले.”

“मंग दुसरा कोनी?”

“दुसरा सोमवारी. तवरोक तुलेच बसाव लागते.”

लहानू तिथेच फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिला. नत्थूजीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दारातल्या पांढऱ्या लुगड्याकडे, आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

“असं कर,” तो आवाज उतरवून म्हणाला, “जा तू. मी बसतो अठी दोन दिवस. कोनाले समजते? झेंडी तं दाखवाची हाये.”

नत्थूजी माणूस लाख मोलाचा. पण एका कानानं त्याला ऐकू येत नव्हतं, आणि जेवल्यावर तो बसल्या जागी घोरायचा, हे सगळ्या लाइनीला ठाऊक होतं. लहानू फाटकाकडे पाहत राहिला. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात एकदा त्याचाही डोळा लागला होता. फक्त डोळा लागला होता, झोपही नव्हे. बंडीवाला उडी मारून वाचला, एक बैल कटला, आणि दुसरा मोडलं जू मानेवर घेऊन तिथेच उभा राहिला. त्या बैलाचे डोळे लहानू अजून विसरला नव्हता. त्या दिवसापासून गाडीच्या वेळी तो घास तोंडात घालत नसे.

“नाई जमत, नत्थूजी,” तो म्हणाला. “तू म्हनला हेच लय झालं.”

नत्थूजी गेला. लहानू खोलीत आला. पंचफुलानं सगळं ऐकलं होतं. ती खाली बसून गाठोडं सोडत होती. दशम्यांचा डबा चुलीजवळ ठेवला. शिशी फडताळात ठेवली. एकेक वस्तू ती जिथल्या तिथे लावत होती आणि भांड्याचा आवाजही होऊ देत नव्हती. लहानूला वाटलं, आदळआपट करील तर बरं.

“काई बोल तं खरी.”

“काय बोलू? अठ्ठावीस वर्स झाले, अजून काय बोलाचं राह्यलं?” आणि मग एकदम तिचा बांध फुटला. “ह्या फाटकानं माही माय नेली. दीक्षा नेली. आता समुद्र नेला. बसा घेऊन त्याले मांडीवर!”

“तू जाय.”

“काय?”

“दमनी येऊन राह्यली. गुरुजी हायेत सोबतीले. थे तुले गाडीत बसवून देतीन. उतरशीन तवा तं प्रेमदास उभा हाये. पासावर बायको बी लिवली हाये, तू जाय.”

“एकटी? तुमी नाई तं मी नाई.”

“थेच आइकून राह्यलो ना मी!” लहानूचा आवाज चढला. बत्तीस वर्षांत तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. “मायच्या वक्ती थेच म्हनली, दीक्षेच्या वक्ती थेच म्हनली. तुले वाटते, तू माह्यासाठी राह्यली. अन् मले काय वाटते ठावं हाये? मले वाटते, म्या तुले धरून ठेवलं. फाटकानं नाई, म्या! तुही माय माह्यामुळं नाई भेटली तुले. हे ओझं घेऊन मी रोज थ्या गाडीले झेंडी दाखवतो. आज तरी उतरव ना थे माह्या डोक्शावरून. पाया पडतो तुह्या.”

पंचफुला त्याच्याकडे पाहतच राहिली. हा माणूस आतून असा जळत असेल हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिला वाटायचं, राहून आपण त्याला साथ दिली.

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

ती उठली. फडताळातली शिशी काढली, दशम्यांचा डबा घेतला, आणि गाठोडं पुन्हा बांधायला लागली. गाठ लहानूनं मारली.

“पन नाव?” ती हळूच म्हणाली. “तुमी तं नाई ना आता बोट दाखवाले.”

“थे तुह्या हाती हाये.”

“उतरवलं मले मधातच कुठं तं?”

वाचता न येणारी, वर्ध्यापलीकडे न गेलेली बाई, अनोळखी स्टेशनावर उतरवली तर काय करणार होती? ‘जाय’ म्हणून बसलो खरं, त्याला वाटलं.

दमणी फाटकाशी उभी राहिली. बबनरावनं कासरा ओढून धरला. अण्णाजी गुरुजी खाली उतरले. वृद्ध, कोट घातलेले, शनिवारची शाळा आटोपून वर्ध्याला घरी निघालेले. लहानूनं त्यांना सगळं सांगितलं.

“पोचवतो ना. त्यात काय!” गुरुजी म्हणाले. “मुंबई आता आपली राजधानी झाली, पाहायला नको का? पण फाटकवाले, पास एकदा पाहू द्या. एकटी बाई जाते आहे, त्यात काही चूक नको.”

लहानूनं अंगातल्या बंडीच्या आतल्या खिशातून पास काढला. गुरुजींनी तो डोळ्यांपासून लांब धरला. सगळं इंग्रजीत होतं. ते ओठ हलवत वाचत गेले आणि मध्येच थांबले.

“हे नानू कोण?”

“कोन नानू?”

“इथे लिहिलंय. नानू गोमा, गेटमन. आणि पुढे, बायको एक.” त्यांनी पुन्हा पाहिलं. “नानूच. स्पष्ट आहे.”

“गोमा माहा बाप,” लहानू म्हणाला. “पन मी तं लहानू.”

“नोकरीत नाव लागलं तेव्हा कोणी लिहिलं होतं?”

लहानूला तो दिवस आठवला. एक लांबच्या मुलखातला बाबू होता, मराठी न समजणारा. त्यानं ‘नाम’ विचारलं, यानं सांगितलं. बाबूनं पुन्हा विचारलं, यानं पुन्हा सांगितलं. मग बाबूनं काहीतरी लिहिलं आणि अंगठा घेतला.

“म्हंजे पहिल्या दिसापासून?” लहानू म्हणाला. “अठ्ठावीस वर्सांपासून मी नानू हाओ?”

गुरुजींनी पासाची घडी घातली. बबनरावच म्हणाला, “थे जाऊ द्या हो, पास चालते का नाई थे सांगा. उशीर होऊन राह्यला.”

“चालतो. टी.सी. पासावरचंच नाव मिळवून पाहणार. मात्र बाईंनी नानूच सांगितलं पाहिजे. खरं नाव सांगितलं तर उलट पंचाईत, वाटेल की दुसऱ्याच कोणाचा पास घेऊन बसली.”

पंचफुला इतका वेळ पदर तोंडाशी धरून उभी होती. तिनं पदर खाली केला.

“गुरुजी, म्हंजे खरं नाव घ्यावंच नाई लागत?”

“घ्यायचंच नाही.”

“नानू म्हनलं का झालं?”

“झालं.”

“नानू,” पंचफुला म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहायला लागले.

“नानू. नानू गोमा. फाटकवाला. नानू, नानू, नानू! यात काय हाये? हे काई माह्या नवऱ्याचं नाव नोहे!” आणि ती इतक्या दिवसांनी मोकळी हसली. बबनरावही खो-खो हसला. गुरुजींनी चष्मा पुसला.

लहानूही हसला. पण ते हसू ओठांवरच राहिलं. आठ दिवस ज्या नावासाठी त्यानं बायकोचं डोकं खाल्लं, ते नाव कुठेच नव्हतं. कोणी घेत नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. पण निदान कुठल्यातरी कागदावर, कुठल्यातरी कपाटात ते लिहून ठेवलेलं असेल असं त्यानं धरलं होतं. पहिल्या पावसाळ्यापासून आजपर्यंत ऊनपावसात ताटकळत ज्यानं फाटक सांभाळलं तो कोणी नानू होता.

पंचफुला दमणीत चढली. लहानूनं पास तिच्या हाती दिला, गाठोडं मांडीवर दिलं.

“डाव्या हाताच्या खिडकीत बसजो,” तो म्हणाला. “फाटक त्याच अंगाले येते. आपलं घर दिसन.”

“हो.”

“फलाटावर प्रेमदास दिसला नाई तं जागची हलू नोको.”

“हो. भाकर झाकून ठेवली हाये. खाऊन घेजा.”

“आन् पानी आनजो शिशीत.” मग तो हसून म्हणाला, “जाय आता. नानूची बायको म्हून जाय.”

त्यानं थट्टाच केली होती. पण पंचफुलाचं हसू मावळलं. तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. दमणी रूळ ओलांडून गेली, वळणावरच्या बाभळीपर्यंत गेली, तरी ती मागे वळून पाहतच होती.

साडेपाच वाजत आले. बाजारातून कापूस विकून परतलेल्या रिकाम्या बंड्या एकामागे एक फाटकाशी येऊन थांबत होत्या. लहानूनं फाटक लावून कुलूप घातलं. एरवी तो गाडीच्या वेळी इतका आधी फाटक लावत नसे. बंडीवाले कुरकुरले.

त्याच्या डोक्यात हजार गोष्टी येत होत्या. दमणी वेळेवर पोचली असेल का? बायांच्या डब्यात जागा मिळाली असेल का? फलाटावरच टी.सी.नं अडवलं असेल तर? घाबरून ती नानूही विसरली असेल तर? नाहीतर ऐन वेळी ‘ते नाई तं मी नाई’ म्हणून फलाटावरूनच परत फिरली असेल. फिरायचीही. बत्तीस वर्षांची सवय ती.

दिवस कडुलिंबामागे गेला. रूळ गुणगुणायला लागले.

लहानूनं एका हातात हिरवी झेंडी उघडली, दुसऱ्यात गुंडाळलेली लाल धरली आणि ठरलेल्या जागी, घराच्या दारासमोर, उभा राहिला. वर्ध्याकडून धूर दिसला, मग इंजिन. गाडी जाताना फाटकवाल्यानं चाकांकडे पाहायचं असतं. कुठे धूर निघतो का, काही लोंबकळतं का, काही घासतं का. लहानूनं अठ्ठावीस वर्षं चाकंच पाहिली होती. आजही त्याची नजर चाकांवर होती. खिडक्यांकडे पाहावं म्हणून जीव नुसता तुटत होता, पण नजर चाकांवरच होती.

इंजिन गेलं. धुराचा लोट अंगावर आला. पहिला डबा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. कोणी नाही. नाही बसली, त्याला वाटलं. परत फिरली.

“लहानूऽऽ!”

त्यानं वर पाहिलं.

“ओ लहानूऽऽ! लहानूऽऽ!”

एका खिडकीतून पांढरा पदर बाहेर फडफडत होता आणि हिरव्या बांगड्यांचा एक हात गजांमधून पार काखेपर्यंत बाहेर आला होता. तोंड नीट दिसलंही नाही. तोंडाचा नुसता आवाज झाला होता, घसा फोडून, साऱ्या गाडीला ऐकू जाईल असा. जीभ झडली तरी चालेल म्हणून मारावी तशी हाक. पुढचे डबे खडखडत गेले तरी ती येतच राहिली, बारीक बारीक होत, आणि मग नुसता रुळांचा आवाज उरला.

लहानूनं झेंडी खाली येऊ दिली नाही. शेवटचा डबा जाऊन त्याचा दिवा बारीक होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

“ए फाटक!” बंडीवाले ओरडायला लागले. “गेली ना गाडी! उघड ना बापा, घरी जाचं हाये!”

लहानूनं दोन्ही झेंड्या काखेत धरल्या आणि किल्ली काढत फाटकाशी आला. पुढच्या बंडीवरचा माणूस गाडी गेली त्या दिशेला मान वळवून पाहत होता.

“थे बाई कोनाले हाका मारून राह्यली होती गा?”

“मले,” लहानू म्हणाला, आणि त्यानं कुलूप काढलं.